कोकणकडा आणि चौथा मजला

प्रश्न एका २७ वर्षांच्या मुलाचा आहे. थोडक्यात असा: "मी कॅथलिक, अंधेरीला आयटीत नोकरी. महिन्यातून एकदा सह्याद्रीत ट्रेकला जातो. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याशी पहाटे उभा राहिलो की देव आहे याबद्दल शंकाच उरत नाही. रविवारी चर्चमध्ये मात्र काही म्हणजे काही वाटत नाही. तीच मिस्सा (रविवारची उपासना), तेच चेहरे, शेवटी त्याच सूचना. मित्र एका मोठ्या प्रार्थनासभेला बोलावतोय, तिथे बँड असतो, लोक रडतात. धर्मग्रामाच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीतल्या समाजाच्या, या रोजच्या रहाटगाडग्यात काही अर्थ, काही थरार सापडतो का? की आईसाठी म्हणून जात राहायचं?"

तुला अरेतुरे करते, राग मानू नकोस. ३१ वर्षं रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेतला आणि तुझ्या वयाची पुष्कळ मुलं त्यातून गेली. गेली १९ वर्षं आजारी आणि म्हाताऱ्या माणसांच्या घरी कम्युनियन, म्हणजे मिस्सेत पवित्र केलेली भाकर, घेऊन जाते. पेशाने महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होते, आता निवृत्त. मी मूळची वसईची, लग्न होऊन मुंबईच्या उपनगरात आले. धर्मग्रामाचं नाव सांगत नाही, कारण पुढे थोडी धुणीही धुणार आहे.

आधी कबुली. प्रवचन कंटाळवाणं असतं. सगळी नाही, पण बरीच. एका प्रवचनात मी चर्चमधल्या सगळ्या पंख्यांची पाती मोजली आहेत. सणाच्या मंडपाचं कंत्राट कोणाला द्यायचं यावरून आमच्या समितीत दोन माणसांचं बोलणं वर्षभर बंद होतं, आणि दोघंही दर रविवारी शांतीचं चिन्ह देताना एकमेकांना टाळून मागच्या बाकाकडे वळायचे. तेव्हा तुला जे दिसतं ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही.

पण तू कड्याची आणि चर्चची तुलना करतोयस त्यात एक गफलत आहे. कड्यावर तू निवडून जातोस. दिवस तू ठरवतोस, सोबती तू ठरवतोस, पाऊस फार असेल तर बेत रद्द करतोस. धर्मग्रामातलं काहीच तू निवडलेलं नाहीस, आणि तो तसाच असावा अशीच त्याची रचना आहे.

'पॅरिश' हा शब्द ग्रीक 'पारोइकिया'वरून आला. परक्या गावात, दुसऱ्याच्या शेजारी वस्तीला राहणं, असा त्याचा अर्थ. मराठीत आपण धर्मग्राम म्हणतो. चांगला शब्द आहे, पण त्यात गाव फार पक्कं वाटतं, सातबाऱ्यासकट. मला विचारशील तर मूळ अर्थाच्या जवळचा मराठी शब्द 'बिऱ्हाड'. आणि बिऱ्हाडकरूला शेजारी निवडता येत नाहीत, हे मुंबईच्या माणसाला वेगळं सांगायला नको. चर्चच्या कायद्यात धर्मग्राम साधारणपणे हद्दीवर ठरतो. या नाल्यापासून त्या रेल्वेरुळापर्यंत जो कोणी कॅथलिक राहतो तो त्यात आला. गोवेकर, मंगळूरकर, मुंबईचे मूळचे ख्रिस्ती म्हणजे ईस्ट इंडियन, केरळचे, तमिळ, आमच्यासारखे वसईकर. पेंटहाउसवाला आणि त्याच्याकडे भांडी घासणारी, दोघं एकाच प्याल्यापुढे. त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे, ते फार थोड्यांना माहीत असतं. धर्मग्रामाच्या मुख्य धर्मगुरूने दर रविवारी आणि सक्तीच्या सणांना एक मिस्सा आपल्या हद्दीतल्या लोकांसाठी अर्पण केलीच पाहिजे. तिचे पैसे कोणी देत नाही, तिच्यात कोणाचं नाव वाचलं जात नाही. तू कोकणकड्यावर असतोस त्या रविवारीही तुझ्यासाठी मिस्सा झालेली असते.

अंधेरीला आयटीत आहेस म्हणजे सीप्झ, ती निर्यात कंपन्यांची वसाहत, तुला लांब नाही. त्या आवारात एक पडकं चर्च आहे, संत योहान बाप्तिस्ताचं, पोर्तुगीज काळातलं, सोळाव्या शतकातलं. छप्पर गेलेलं, भिंती उभ्या. १८४०च्या सुमारास साथ आली, माणसं मरायला लागली, तेव्हा उरलेल्यांनी गाव सोडलं आणि मरोळकडे सरकून नवं चर्च बांधलं. जाताना जुन्या अल्तारांवरच्या (वेदींवरच्या) मूर्ती आणि बाप्तिस्म्याचं कुंडसुद्धा बरोबर नेलं. बिऱ्हाड हलवताना आपण देव आणि हंडे-कळश्या नेतो तसं. पडक्या चर्चमध्ये अजून वर्षातून एकदा मिस्सा होते. एकदा जाऊन ये. ज्या कुंडात पणजोबांच्या पणजोबांचा बाप्तिस्मा झाला ते डोक्यावर घेऊन साथीच्या गावातून निघालेली माणसं डोळ्यांपुढे आण, आणि मग 'थरार' हा शब्द पुन्हा वापरून बघ.

आता माझी गोष्ट. आमच्या गावठाणात माझ्या घरामागे एक गटार आहे, नीट सांगायचं तर दोन घरांच्या मधली अरुंद मोरी. तिच्यावर लादी कोणी टाकायची, उतार कोणाच्या बाजूला ठेवायचा, यावरून आमचं आणि मागच्या घराचं हाडवैर. घर एका म्हाताऱ्याचं होतं. मी त्याला अंकल म्हणायचे, पुढे काहीच म्हणेनाशी झाले. पावसाळ्यात त्याच्याकडचं पाणी आमच्या स्वयंपाकघरात यायचं. तो माझ्या नवऱ्याला चारचौघांत जे बोलायचं ते बोलला, नवराही काही गप्प बसला नाही. वॉर्ड ऑफिसात दोन्हीकडून अर्ज गेले. अकरा वर्षं.

मग तो पडला. खुब्याचं हाड मोडलं, बाहेर जाणं थांबलं. एका शुक्रवारी चर्चमधून आजाऱ्यांची यादी आली आणि माझ्या नावापुढे त्याचं घर. यादी करणाऱ्या सिस्टरला यातलं काही ठाऊक नव्हतं, ती फक्त गल्ल्या वाटत होती. मी तिला फोन करून सांगू शकले असते, दुसऱ्या कोणाला पाठवा. फोन हातात घेतलाही होता.

कम्युनियन नेताना गळ्यात एक लहान डबी असते, तिच्यात ख्रिस्तप्रसाद. वाटेत थांबायचं नाही, गप्पा मारायच्या नाहीत, सरळ जायचं. माझ्या घरापासून त्याच्या घरापर्यंत पुढच्या गल्लीने वळसा घालून चाळीसेक पावलं असतील. मी आजवर राजगड चढलेले नाही, पण त्या चाळीस पावलांइतकी मला कुठेच धाप लागली नाही. डबीत जो होता त्याला माझ्या मोरीशी काही कर्तव्य नव्हतं. त्याला पलीकडच्या घरात जायचं होतं, आणि तो माझ्या पायांनी चालला होता.

सुनेने दार उघडलं. टेबलावर पांढरं कापड, मेणबत्ती, पाण्याचा पेला, सगळं मांडून ठेवलेलं. म्हाताऱ्याने मला पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मी प्रार्थना सुरू केली. 'हे आमच्या स्वर्गातील बापा' आलं. 'जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो' या ओळीला दोघांचेही आवाज अगदी बारीक झाले. मग त्याने तोंड वळवलं आणि जीभ बाहेर काढली. जुन्या पिढीची माणसं हातात घेत नाहीत. ज्या माणसाच्या जिभेने मला इतकं ऐकवलं होतं तिच्यावर मी ख्रिस्तशरीर ठेवलं.

तू आता म्हणशील, मग समेट झाला. नाही झाला. पुढच्या रविवारी प्रार्थना संपल्यावर त्याने पहिलं वाक्य काढलं ते, "मोरीचं काय केलंत?" त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं, तो जाईपर्यंत, मी दर रविवारी गेले आणि दर रविवारी मोरीवर दोन वाक्यं झाली. फरक इतकाच की शेवटी शेवटी मी त्याला पुन्हा अंकल म्हणायला लागले होते आणि निघताना सून मला उकडलेली अंडी बांधून द्यायची, त्यांच्या कोंबड्यांची. उतार अजून आमच्याच बाजूला आहे.

अंत जवळ आलेल्या माणसाला जे कम्युनियन देतात त्याला लॅटिनमध्ये 'वियाटिकम' म्हणतात, म्हणजे प्रवासासाठी बरोबर दिलेलं. आपल्याकडे त्याला शिदोरी हा तयार शब्द आहे. त्या म्हाताऱ्याला शेवटची शिदोरी धर्मगुरूंनी दिली, मी बाजूला मेणबत्ती धरून उभी होते. तेव्हा मला जे कळलं ते मी नीट सांगू शकत नाही. तुला कोकणकड्यावर जे कळतं तेही तू प्रश्नात नीट सांगू शकलेला नाहीस, म्हणजे आपली फिटंफाट.

म्हणून 'काहीच वाटत नाही' या तक्रारीने मी फारशी घाबरत नाही. १९ वर्षांतले बहुतेक रविवार मला काहीच वाटलेलं नाही. गुडघे दुखतात हे वाटतं. मिस्सेत भावना दाटून यावी असं चर्चने कधी वचन दिलेलं नाही. आली तर आली.

वसईची असल्यामुळे लहानपणापासून संत गोन्सालो गार्सियाची गोष्ट ऐकत वाढले. वसईत जन्मलेला मुलगा, पोरवयात जपानला गेला, पुढे तिथे व्यापारी झाला, मग मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन ब्रदर झाला, पुन्हा जपानला गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत इतर २५ जणांबरोबर क्रुसावर मारला गेला. संत व्हावं तर असं, असं मलाही वाटायचं. शाळेत असताना सिस्टरांनी सांगितलं की १९२७मध्ये पोपनी संत फ्रान्सिस झेवियरच्या जोडीला जगभरच्या मिशनकार्याची आश्रयदाती म्हणून एका बाईला नेमलं. मला वाटलं, ही बाई बोटीने आफ्रिकेला तरी गेली असणार. ती लिझ्यूची तेरेझा निघाली. १५व्या वर्षी आपल्याच गावातल्या मठात गेली, २४व्या वर्षी क्षयाने तिथेच वारली, आणि मधल्या काळात मठाच्या बाहेर पडलीच नाही. तिच्या आठवणींत एक प्रसंग आहे. धुणं धुताना समोरची सिस्टर तिच्या तोंडावर मळकं पाणी उडवायची आणि ही तोंड न पुसता तशीच उभी राहायची. चर्चने बोटीवाल्या झेवियरला आणि धुण्यावरच्या मुलीला एकाच पंगतीत बसवलं. मी त्यावर पुष्कळ वर्षं विचार केला आहे आणि मोरीच्या प्रकरणानंतर त्याचा अर्थ मला थोडा कळला.

ट्रेक सोडू नकोस, बरं का. तुझी आई कदाचित तेच म्हणत असेल, मी म्हणणार नाही. बायबलमध्ये डोंगरावर देव भेटतोच. पण राजांच्या पहिल्या पुस्तकातला १९वा अध्याय पुन्हा वाच. एलीया संदेष्टा जीव वाचवून होरेब पर्वतावर जातो. वादळ येतं, भूकंप होतो, अग्नी येतो, देव त्यात नसतो. मग एक मंद, हळू वाणी. यावर सगळे प्रवचनकार थांबतात आणि डोळे मिटतात. ती वाणी काय विचारते ते बघ: "एलीया, तू येथे काय करीत आहेस?" आणि लगेच कामांची यादी. आल्या वाटेने परत जा, याला अभिषेक कर, त्याला अभिषेक कर, तुझ्या जागी अलीशाला नेम. मला ते नेहमी आमच्या सिस्टरच्या यादीसारखं वाटतं.

तोचतोचपणाबद्दल. वर्षातले ३३-३४ आठवडे चर्चच्या पंचांगात 'सामान्य काळ' असतो, धर्मगुरूंच्या हिरव्या झग्याचा. हा सामान्य म्हणजे रटाळ नव्हे. लॅटिनमध्ये त्याला नुसतं 'वर्षभरातला काळ' म्हणतात, आणि त्याचे रविवार मोजले जातात: दुसरा रविवार, तिसरा रविवार, तेविसावा रविवार. मोजलेला काळ. वारकऱ्याला कोणी विचारत नाही की तोच रस्ता, तोच हरिपाठ, तोच विठोबा, मग दरवर्षी का जाता. रस्ता तोच असतो, चालणारा गेल्या वर्षीचा नसतो. आमच्या शेजारच्या माळकरी बाईंना हे मला समजावून सांगावं लागलं नाही. उलट त्यांनीच मला सांगितलं.

तरी एक गोष्ट कर. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या फेऱ्यात चालतात, एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, आणि योहान मधूनमधून, जास्त करून पास्काकाळात, म्हणजे ईस्टरनंतरच्या आठवड्यांत. शनिवारी रात्री उद्याचं शुभवर्तमान वाचून ठेव. पाच मिनिटं लागतात. मग प्रवचन वाईट असलं तरी तुझ्या हातात काहीतरी असतं. आणि जमलं तर एखाद्या रविवारी मराठी मिस्सेला बस. तू बहुधा इंग्रजीत जात असशील. जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडचे, तरी १६१६मध्ये गोव्यात रायतूरला त्यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं ते मराठी ओव्यांत. आपल्याला तीच भाषा आयती मिळाली आहे आणि आपण प्रार्थनेपुरती तिला बाजूला ठेवतो.

चर्चच्या बाहेरही बघ. गावठाणांत जे क्रूस उभे आहेत त्यांतले कित्येक १८९६च्या प्लेगच्या वेळचे. मे महिन्यात संध्याकाळी त्यांच्यापुढे माळेची प्रार्थना होते आणि शेवटी उकडलेले चणे वाटतात. तुझ्या घराजवळच्या क्रुसावरचं साल वाचलं आहेस का कधी? ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ईस्ट इंडियन लोकांचा आगेरा असतो, नव्या भाताच्या लोंब्या अल्तारापुढे आणतात. शेतं गेली, त्यांच्यावर टॉवर आले, लोंब्या अजून येतात. गाजावाजा हवा असेल तर सप्टेंबरात वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेला जा, किंवा कुठल्याही बुधवारी माहीमच्या चर्चमधल्या नोव्हेना नावाच्या प्रार्थनेला, जिथे रांगेत पुढे कोळीण आणि मागे मारवाडी उभा असतो. मला गर्दी सोसवत नाही, पण ती खोटी नाही.

मित्राच्या प्रार्थनासभेला जायचं तर खुशाल जा. रडू आलं तर रड. फक्त एक बघ, की तुला ताप आला तर तिथलं कोण तुझ्या घरी पेज घेऊन येईल, आणि तू कोणाकडे नेशील. तशी माणसं तिथे भेटली तर चांगलंच. नुसता बँडच असेल तर तोही काही महिन्यांत तोचतोच वाटायला लागेल.

आणखी एक, जरा गंभीरपणे. चर्चमध्येच नव्हे तर कड्यावरही काही वाटेनासं झालं, झोप उडाली, जेवण नको झालं, तर तो अध्यात्माचा रखरखाट समजून बसू नकोस. डॉक्टरकडे जा. आणि धर्मग्रामात कोणी कोणाला छळताना दिसलं तर 'आपली माणसं' म्हणून झाकायचं नाही, तिथे माझा हा सगळा सोशिकपणाचा उपदेश लागू नाही.

आता काम. तुला हे सगळं वाचून पटेल असं मला वाटत नाही. मलाही यादी हातात येईपर्यंत पटलं नव्हतं. १८३३मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाच्या विद्यार्थ्याला इतर विद्यार्थ्यांनी टोमणा मारला, तुमच्या चर्चने पूर्वी केलं असेल, आता काय करता? तो २० वर्षांचा होता. त्याने वाद सोडला आणि मित्रांबरोबर गरिबांच्या घरी जायला लागला. त्यातून सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्था उभी राहिली. तिची शाखा तुझ्याही धर्मग्रामात असण्याची बरीच शक्यता आहे. दोघादोघांनी घरी जायचं, हा तिचा जुना रिवाज. बहुतेक ठिकाणी साठीच्या पुढचे चार काका ती चालवत असतात आणि तरुण माणूस दारात दिसला की त्यांना आधी वाटतं पत्ता चुकला.

कम्युनियन नेण्याचं काम लगेच मिळत नाही. त्यासाठी धर्मगुरूंनी सुचवावं लागतं, प्रशिक्षण असतं, बिशपांची परवानगी लागते. पण सोबत जाता येतं. आमच्याकडे एक बाई आहेत, ८८ वर्षांच्या, चौथ्या मजल्यावर राहतात, इमारत जुनी, लिफ्ट नाही. मुलगी त्यांच्याजवळ असते. आजाऱ्याला आणि त्याची सेवा करणाऱ्याला कम्युनियनआधीचा तासभराचा उपास लागू नाही, तरी ती मुलगी पाळते आणि आम्ही पोचेपर्यंत चहासुद्धा घेत नाही. मला तो जिना चढायला आता पंधरा मिनिटं लागतात, दुसऱ्या मजल्यावर बसावं लागतं. म्हणजे माझ्या गुडघ्यांपायी त्या मुलीचा चहा थांबतो.

तुझ्या धर्मग्रामातही गुडघे गेलेली अशी एखादी बाई असणार. मिस्सा सुटल्यावर बाजूच्या दाराने कापडी पिशवी घेऊन ती हळूहळू बाहेर पडत असते. तिला गाठ आणि सांग की मी हरिश्चंद्रगड चढतो.